काकांची गाडी

परवा माझ्या गाडीचं काम झालं. गाडी माझी, आवाज मला येत होता, पैसेही मीच दिले. दुरुस्तीची चर्चा मात्र झाली ती सायकलमध्ये हवा भरायला आलेल्या एका काकांशी.

तर, गाडी दहा वर्षांची. महिनाभर पुढून डावीकडून ‘खडक्’ असा आवाज येत होता आणि ब्रेक दाबला की बारीक शिट्टी. आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. तिथल्या टाय लावलेल्या मुलाने कॉफी पाजली आणि तेवीस हजार सहाशेचं एस्टिमेट हातात ठेवलं. दोन्ही शॉकप, दोन्ही लोअर आर्म, दोन्ही डिस्क. मी विचारलं, “पण आवाज नक्की कशाचा आहे?” तो म्हणाला, “मॅम, सगळं बदललं की तो जाईलच ना!” माझी कंबर दुखते म्हणून कुणी नवीन मणका, नवीन गुडघे आणि जमलं तर नवीन नवरा सुचवावा, तसं. कॉफी संपवून उठले आणि नऱ्ह्याच्या सर्व्हिस रोडवरच्या पत्र्याच्या गॅरेजात गाडी घातली.

गॅरेजात मेस्त्री होता, त्याचा बारक्या होता (प्रत्येक गॅरेजात बारक्याच असतो, खरं नाव त्याच्या आईलाच ठाऊक), आणि काका होते. डिसेंबरची सकाळ, कानटोपी, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, हँडलला मेथीच्या दोन जुड्या लटकवलेली जुनी सायकल. कॉम्प्रेसर नुकताच चालू केला होता, तो भरेपर्यंत थांबले होते. कॉम्प्रेसर दहा मिनिटांत भरला. काका अडीच तास थांबले.

मी मेस्त्रीला शक्य तेवढं नीट सांगितलं. “पुढून डावीकडून वाजतंय. सावकाश जाताना एकच चाक खड्ड्यात गेलं की वाजतं. दोन्ही चाकं एकदम चढली की वाजत नाही. मला वाटतं लिंक रॉड असेल.” यात माझी काही विद्वत्ता नाही. पुढच्या दोन चाकांना जोडणारा जो बॅलन्स रॉड असतो, तो दोन्ही चाकं एकसारखी हलली तर नुसता सोबत फिरतो. एक चाक वर आणि एक खाली झालं की त्याच्यावर पीळ पडतो. म्हणून त्याच्या टोकाचा लिंक ढिला झाला की एकाच चाकाच्या खड्ड्यात बोंबलतो. पंधरा दिवस वेगवेगळ्या खड्ड्यांत मुद्दाम गाडी घालून मी हे शोधलं होतं. पुण्यात या संशोधनाला साहित्य कमी पडत नाही.

मेस्त्रीने सगळं शांतपणे ऐकलं. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत विचारलं, “काय होतंय, काका?”

काका आजूबाजूला बघायला लागले. दुसरे काका कुणी नव्हते. “आवाज येतोय,” ते म्हणाले.

“कुठून?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. “डावीकडून,” मी म्हणाले.

“डावीकडून,” काका म्हणाले.

“असं होय!” मेस्त्री म्हणाला आणि जॅक आणायला गेला.

इथेच मी सांगायला हवं होतं की हे गृहस्थ माझे कुणी नाहीत. सांगितलंही. “ते माझ्याबरोबर नाहीत.” मेस्त्री समजूतदारपणे हसला. घरात भांडणं होतात, चालायचंच. काकांनाही खुलासा करण्याची गरज वाटली नाही. त्यांनी सायकल स्टँडला लावली, मेथी सावलीत ठेवली आणि हात मागे बांधून माझ्या गाडीचा ताबा घेतला.

चाक उतरलं. बारक्याने टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घालून लिंक हलवला. टक टक टक. “लिंक रॉड गेलाय, काका,” मेस्त्री म्हणाला. काका माझ्याकडे वळले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “लिंक रॉड गेला.” स्वर असा, की मला क्षणभर सुतक लागलं.

“मीच सांगितलं होतं,” मी म्हणाले.

“हो हो,” काका म्हणाले, “सांगायचंच असतं. मेस्त्रीपासून काही लपवू नये.”

शिट्टीचंही कारण निघालं. ब्रेक पॅडला पत्र्याची एक बारीक पट्टी असते. नवीन पॅडचा थर साधारण दहा मिलिमीटर. तो झिजत झिजत तीनच्या आसपास आला की ही पट्टी डिस्कला घासून किंचाळायला लागते. बिघाड नाही तो, मुद्दाम ठेवलेली सोय आहे. गाडीत मला सगळ्यात आवडणारी वस्तू हीच. एसी नाही, म्युझिक सिस्टीम नाही, ही पट्टी. आपण संपत आलोय हे वेळेवर, मोठ्याने आणि योग्य माणसाला सांगणं आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही.

मेस्त्रीने झिजलेला पॅड काकांच्या हातात दिला. “मॅडम ब्रेक फार दाबतात वाटतं.”

मी दीड हातावर उभी होते.

“बायका जपून चालवतात,” काका म्हणाले. माझी बाजू घेतल्याच्या थाटात.

वीस वर्षं गाडी चालवते आहे. भर पावसात वरंधा घाट उतरले आहे, समोर हात दिसत नव्हता तेव्हा. माझ्या शेजारी बसणारे गृहस्थ त्या वीस वर्षांत एकदाही स्टिअरिंगला बसले नाहीत, पण डाव्या बाजूच्या पायपुसण्यावर त्यांनी जेवढा ब्रेक दाबलाय, तेवढे पॅड खरोखर झिजले असते तर आम्ही भिकेला लागलो असतो. हे सगळं मला तिथे बोलायचं होतं. मी म्हणाले, “ब्रेक ऑइल पण बघा जरा.”

“ब्रेक ऑइल कशाला?” आता काका स्वतंत्रपणे बोलायला लागले होते. “ते सीलबंद असतं. आयुष्यभर बदलायचं नसतं.”

“काका, तुम्ही कुठली गाडी चालवता?”

“मी? मी आयुष्यात गाडी चालवली नाही,” काका अभिमानाने म्हणाले. “म्हणून तर तटस्थपणे सांगू शकतो. चालवणाऱ्याला रस्ता दिसतो. त्याला गाडी कुठे दिसते?”

मग मी काकांना, कारण आता मलाही दुसरा मार्ग उरला नव्हता, समजावून सांगितलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवीन डॉट फोर (हा ब्रेक ऑइलचा एक प्रकार) ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की तोच आकडा १५५ च्या आसपास येतो. घाटात सतत ब्रेक दाबून डिस्क तापली की ऑइलची वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. मग पेडल सरळ खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं.

काकांनी मान डोलावली आणि मेस्त्रीकडे वळले. “ऑइल बदलून टाक रे. पाणी मुरतं त्यात. घाटात वाफ होते.”

“बरोबर, काका!” मेस्त्री म्हणाला. मग बारक्याला, “बघ, शिक. जुनी माणसं.”

ऑइल बदललं की ब्रेकच्या लायनीतली एअर काढावी लागते. एकाने आत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने चाकापाशी आडवं होऊन निपल (ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) ढिला करायचा, बुडबुडे बाहेर आले की निपल बंद करायचा आणि मगच आतल्याने पाय सोडायचा. हे ‘मगच’ महत्त्वाचं. निपल उघडा असताना पाय सुटला तर बाहेरची हवा उलट आत ओढली जाते. सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्या. नेमका बारक्या चहा सांगायला गेला होता. तेव्हा काही क्षण मी मेस्त्रीला दिसले.

“मॅडम, बसा आत.”

मी बसले. मेस्त्री मागच्या चाकाखाली. त्याचा आवाज मला स्पष्ट येत होता. तरी काका मध्ये, मागच्या दाराशी, उभे राहिले.

“दाबा,” मेस्त्री.

“दाबा, ताई,” काका.

मी दाबला.

“दाबून धरा.”

“धरून ठेवा, ताई. धरून ठेवा.”

“सोडा.”

“सोडा.”

असं पाच-सहा वेळा झालं. काकांना लय सापडली. मधल्या वेळात ते ज्ञानदानही करू लागले. “उतारावर तुम्ही गिअरमध्ये चालवता की न्यूट्रल टाकता? न्यूट्रल टाकत जा. पेट्रोल वाचतं.”

आता हे नऱ्ह्यात उभं राहून सांगायचं! जिथून हाकेच्या अंतरावर नवले पूल आहे. कात्रजचा नवा बोगदा संपला की सुरू होणारा तो लांबलचक उतार, डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून सुटलेले ट्रक, आणि संध्याकाळी वाऱ्यावर येणारा ब्रेक लायनर जळाल्याचा वास. २० नोव्हेंबर २०२२ ला त्याच उतारावर एका अवजड गाडीने एकापाठोपाठ कित्येक गाड्या ठोकल्या. त्यानंतर पाट्या लागल्या, रम्बलर आले, पाहणी दौरे झाले, आणि मी अजूनही तिथून जाताना समोर कमी आणि आरशात जास्त बघते. शिवाय पेट्रोल वाचतही नाही. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला होणारा पुरवठाच बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाळावंच लागतं. हे मी मान वळवून काकांना तावातावाने सांगत होते. पाय ब्रेकवर घट्ट होता. मागून मेस्त्री अजून काही बोललेला नव्हता.

काका म्हणाले, “सोडा.”

मला वाटलं, विषय सोडा म्हणतायत. तरी सहा वेळांच्या सवयीने पाय सुटला.

मागून ‘सुर्र’ आवाज आला आणि मग मेस्त्रीचा. “आरारारा! गेली एअर आत.” तो चाकाखालून बाहेर आला, ऑइलचे हात पुसत. माझ्याकडे बघितलं नाही. “काका, मॅडमना जरा सांगा, मी सांगेपर्यंत पाय सोडायचा नाही म्हणून.”

“ताई,” काका दु:खी होऊन म्हणाले, “ते सांगेपर्यंत सोडायचा नाही.”

हे मला अजून पचलेलं नाही. काल रात्री भांडी आवरताना मला उत्तरं सुचत होती. एकाहून एक. तेव्हा गाडीत मी फक्त स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते आणि आम्ही ते चाक पहिल्यापासून केलं.

चहा आला. तीन कटिंग. एक मेस्त्रीला, एक बारक्याला, एक काकांना.

चहा पिताना काकांनी लिंक रॉड का जातो याचं मूळ कारण सांगितलं. “स्पीडब्रेकर तिरका घ्यायचा, ताई. सरळ घेतला की शॉकपला मार.” आणि तिरका घेतला की एकेक चाक चढतं आणि लिंकला पीळ पडतो, हे मी गिळलं. “आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे ना, त्याच्यावर तर सगळ्यांच्या गाड्या आपटतात.”

“अंगणवाडीसमोरचा?”

“तोच. आम्हीच करून घेतला, वर्गणी काढून.”

स्पीडब्रेकरचं मानक आहे हो आपल्याकडे. इंडियन रोड्स काँग्रेसने कागदावर लिहून ठेवलंय: ३.७ मीटर रुंद, मध्ये फक्त १० सेंटिमीटर उंच, गोलसर. म्हणजे गाडीने एखाद्या निवांत म्हशीच्या पाठीवरून उतरावं तसं उतरायचं. काकांचा स्पीडब्रेकर वीतभर रुंद आणि तेवढाच उंच आहे. ती म्हैस नाही, भिंतीचा पाया आहे. मी दिवसातून चार वेळा त्याच्यावरून जाते. पेट्रोलवर कर देते, गाडी घेताना रस्ता कर एकरकमी भरलाय, आणि शॉकप, लिंक, बुश हे सगळं त्या बिनपांढऱ्या पट्ट्यांच्या, बिनपाटीच्या ढिगाऱ्याला वाहते आहे. आणि तो करून घेणारा माणूस माझ्या समोर, माझ्या पैशांचा चहा पीत उभा.

निघताना बारक्याला अजून एक गोष्ट दिसली. उजव्या चाकाच्या सीव्ही जॉइंटचा (इंजिनाची ताकद चाकाला पोचवणाऱ्या सांध्याचा) रबरी बूट फाटलाय, आतलं ग्रीस रिमवर उडालंय. आता बदलला तर थोडक्यात भागेल; धूळ आत गेली की पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर कटकट सुरू होईल आणि मग जॉइंटच बदलावा लागेल. बूट दुकानात नव्हता, मागवायचं ठरलं. ठरलं म्हणजे, मेस्त्रीने काकांना विचारलं आणि काकांनी “मागव” म्हटलं.

बिल झालं तीन हजार आठशे पन्नास. तेवीस हजार सहाशेच्या मानाने मी आनंदाने नाचायला हवं होतं. मेस्त्रीने कागद काकांना दिला. काकांनी कानटोपी वर सरकवली, खिशातून चष्मा काढला, बोट फिरवत बेरीज तपासली, “पन्नास कसले घेतोस रे गिऱ्हाइकाकडून,” म्हणून पन्नास खोडले आणि कागद माझ्याकडे दिला. “द्या आता.”

मी स्कॅन केलं. टेबलावरच्या डब्याने तीन हजार आठशे रुपये मिळाल्याचं ओरडून सांगितलं. काका डब्याला म्हणाले, “धन्यवाद.” मग मेथी उचलली, सायकल काढली आणि हवा न भरताच निघून गेले.

आज सकाळी मेस्त्रीचा फोन आला.

“मॅडम, सीव्हीचा बूट आलाय. काकांना विचारून सांगता का, गाडी कधी आणताय?”

मला खूप काही बोलता आलं असतं. सगळी उत्तरं तयार होती.

“काका गावाला गेलेत,” मी म्हणाले.

“असं होय,” तो म्हणाला. “मग राहू द्या, ते आल्यावरच बघू.”