धातू गेला कुठे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नाण्यावरची खूण टांकसाळीतल्या चुकीची (संग्राहकांच्या भाषेत ‘एरर’) की नंतरच्या इजेची, हे ओळखण्याबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप दोन. एक, ‘वर आलेली खूण टांकसाळीची, खोल गेलेली खूण नंतरची’ हा मी दिलेला नियमच चुकीचा आहे. दुसरा, नवशिक्यांनी दाखवलेलं प्रत्येक नाणं ‘नंतर खराब झालेलं’ ठरवून मी त्यांचा हुरूप घालवतो. आणि पुरावा म्हणून तुमच्याकडचं, कडेला चावा घेतल्यासारखं दिसणारं नाणं.

पहिला आक्षेप मान्य. तो नियम मी फक्त डायच्या, म्हणजे नाण्यावर छाप उमटवणाऱ्या ठशाच्या, तड्यापुरता लिहायला हवा होता. डायला तडा गेला की तिथे खाच पडते, छाप पडताना धातू त्या खाचेत शिरतो आणि नाण्यावर रेघ वर येते. पण डाय आणि चकती (छाप पडण्याआधीचं कोरं नाणं) यांच्यामध्ये धागा किंवा तार अडकली तर खूण खोलगट उमटते, आणि तो अस्सल एरर असतो. लेखात दुरुस्ती केली आहे.

मग खोलगट रेघ दिसली तर ठरवायचं कसं? मी एकच प्रश्न विचारतो: इथला धातू गेला कुठे? ओरखडा काढणारी वस्तू धातूला बाजूला सारते. नांगराच्या तासाकडेला माती चढते तसे रेघेच्या काठांना बारीक वरंबे उठतात. दहापट भिंगाखाली नाणं दिव्याशी तिरपं धरा आणि सावकाश फिरवा, ते वरंबे चमकून दिसतात. धागा अडकलेल्या नाण्यावर असे वरंबे नसतात, कारण तिथे धातू कोणी उकरलेला नाही, धाग्यामुळे तो डायपर्यंत पोचलाच नाही. कधी कधी तर धाग्याचा पीळसुद्धा जसाच्या तसा उमटलेला असतो.

आता तुमच्या नाण्याबद्दल. पत्र्याची पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर चकत्या कापणारा पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि चकती अर्धवट कापली जाते. हाच क्लिप. त्यानंतर चकतीची किनार उंचावण्यासाठी ती कडेकडेने दाबली जाते. ज्या बाजूला चावा आहे तिथे दाबायला धातूच नाही, त्यामुळे बरोबर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही आणि तिथली किनार अस्पष्ट राहते. प्रत्येक अस्सल क्लिपमध्ये हे ठळक दिसेलच असं नाही, पण दिसलं तर तो फार भक्कम पुरावा असतो. चाव्याजवळची अक्षरंही पाहा. छाप पडताना धातू मोकळ्या जागेकडे वाहतो, म्हणून अक्षरं तिकडे ओढल्यासारखी, पसरट होतात. नंतर कानशीने किंवा कात्रीने कापलेल्या नाण्यात अक्षर जिथल्या तिथे तुटतं, उरलेला भाग अगदी धडधाकट असतो. तुमच्या फोटोत मला अक्षर तुटलेलं दिसलं, म्हणून ते नंतर कापलेलं आहे असं मी म्हणालो. पण फोटोत समोरची कड दिसत नव्हती. तेवढ्यावर इतक्या ठामपणे बोलायला नको होतं.

बनावट एरर कसे होतात हे कळावं म्हणून मी स्वतः दोन नाणी एकमेकांवर ठेवून लोखंडी जबड्यांच्या व्हाइसमध्ये आवळली होती. एकाची अक्षरं दुसऱ्यावर उलटी आणि खोलगट उमटली, पाहताक्षणी कुणालाही भूल पडावी अशी. पण भिंगातून त्याच अक्षरांखाली मूळ चित्र चेपलेलं दिसत होतं, आणि दोन्ही नाण्यांची बाहेरची बाजू जबड्यांनी सपाट झाली होती. टांकसाळीत आधीचं नाणं डायला चिकटून राहिल्यामुळे उलटी प्रतिमा उमटते, तेव्हा खाली दुसरं चित्र नसतं, कारण ती चकती तोवर कोरीच असते.

दुहेरी अक्षरांचा गोंधळही असाच. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतल्या 1955 च्या प्रसिद्ध लिंकन सेंटमध्ये (लिंकनचं चित्र असलेल्या एक सेंटच्या नाण्यात) दुहेरीपणा डायमध्येच होता, त्यामुळे अक्षरं भरीव, गोलसर आणि नुसत्या डोळ्यांनी दिसतील इतकी दुभंगलेली आहेत. छाप पडल्यावर डाय किंचित सरकली तर अक्षराची कड पायरीसारखी सपाट घासली जाते आणि मूळ अक्षर उलट बारीक होतं. हेही टांकसाळीतच घडतं, म्हणून त्याला नंतरची इजा म्हणणं चूक. पण त्याला 1955 च्या सेंटच्या पंक्तीत बसवता येत नाही.

दुसरा आक्षेप मला लागला, कारण हुरूप टिकावा म्हणूनच मी लिहितो. एक उदाहरण देतो. 1943 मध्ये अमेरिकेत सेंट जस्ताचा थर दिलेल्या पोलादाचे पाडले गेले. त्या सालचे मोजकेच सेंट चुकून कांस्याचे झाले, म्हणून पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा चढवून ते खपवले जातात. पोलादी सेंट लोहचुंबकाला चिकटतो आणि सुमारे 2.7 ग्रॅम भरतो, कांस्याचा चिकटत नाही आणि 3.11 ग्रॅमच्या आसपास भरतो. हे ज्याला आधी सांगितलं जातं तो पैसे घालवून बसत नाही, आणि छंदही सोडत नाही.

तेव्हा तुमचं नाणं पुन्हा हातात घ्या. चाव्याच्या नेमकं समोरच्या किनारीचा जवळून फोटो काढा, चाव्यालगतच्या अक्षरांचा तिरप्या उजेडात दुसरा काढा, आणि त्याच प्रकारच्या चांगल्या नाण्यासोबत वजन करून दोन्ही आकडे कळवा. समोरची किनार बुजलेली असेल आणि अक्षरं ओढलेली असतील, तर माझं मत मी इथेच बदलीन.