श्वाइनफुर्टमध्ये बदलीची वाट बघत राहू नका

जर्मनीत नोकरी लागली म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्युनिक की फ्रँकफर्ट?" आम्ही श्वाइनफुर्ट सांगतो आणि समोरचा माणूस नकाशा उघडतो. बव्हेरियाच्या उत्तरेला, माइन नदीच्या काठी, जेमतेम 54 हजार वस्तीचं हे शहर. वुर्त्सबुर्ग इथून रेल्वेने अर्ध्या तासावर. पर्यटक तिथला राजवाडा बघतात, बाम्बेर्गला जातात, रोटेनबुर्गला फोटो काढतात. आमच्या स्टेशनवर बॅगा घेऊन उतरतात ते कामासाठी आलेले लोक.

याला कारण आहे. 1883 मध्ये इथल्या फ्रीडरिश फिशरने पोलादी गोळ्या एकसारख्या गोल घासणारं यंत्र बनवलं आणि बेअरिंगचा धंदा इथे रुजला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या बेअरिंगचा मोठा वाटा या एका गावातून जायचा, म्हणून 1943 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 14 ऑक्टोबरला अमेरिकी विमानांनी ते भाजून काढलं. त्यानंतर घाईघाईने उभ्या राहिलेल्या साध्या चौकोनी इमारतींमध्येच आम्ही राहतो. 1572 सालची नगरपालिकेची इमारत आहे, चौक आहे, नदीकाठ आहे, आणि बाकी कारखाने. एसकेएफ, शेफलर, झेडएफ या बेअरिंग आणि गाड्यांचे भाग बनवणाऱ्या तिन्ही कंपन्यांच्या पाट्या गावात दिसतात. आपली माणसं इथे येतात ती बहुतेक त्यांच्याच ओढीने.

अलीकडे इथे नव्याने आलेल्या काही मराठी कुटुंबांशी बोलणं झालं, म्हणून हे लिहितेय. सगळ्यांचा सूर एकच. "दोन वर्षं कशीतरी काढायची, मग म्युनिकला प्रयत्न करायचा." एका घरी तर अजून सोफा नाही, भिंतीला खिळा नाही, पुस्तकं खोक्यातच. कशाला उघडायची, परत भरावीच लागतील, असा हिशोब. त्या घरातली मुलगी, माझ्याहून बरीच लहान, दिवसभर त्या खोक्यांमध्ये बसून असते. नवरा संध्याकाळी येतो, त्याला ऑफिसात इंग्रजी चालतं, कँटीनमध्ये ओळखी होतात. तिला दिवसभरात भेटतो तो फक्त कुरिअरवाला. मला ते बघवलं नाही.

ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर, येणाऱ्या माणसाच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही. नोकरी करायची परवानगीही पहिल्या दिवसापासून असते. कागदावर ही सवलत फार चांगली दिसते. पण तिचा दुसरा अर्थ असा की बाई एक शब्दही न येता इथे उतरते, आणि ज्या गावात फार्मसीपासून बालवाडीच्या नोटिशीपर्यंत सगळं जर्मनमध्ये आहे, तिथे ती परवानगी नुसती पाकिटात राहते. बर्लिनमध्ये इंग्रजीवर नोकरी मिळू शकते. इथे मिळाली तर नशीब.

मोठ्या शहरात हे सगळं झाकून जातं. मराठी मंडळ असतं, भारतीय किराणा असतो, शनिवार-रविवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी जेवण असतं. वर्षानुवर्षं राहून ज्यांना शेजाऱ्याचं आडनाव माहीत नाही असे लोक मी म्युनिकमध्ये पाहिलेत, आणि ते आनंदात आहेत असंही मला वाटलं नाही. लहान गावात ती सोय नाही. पहिली थंडी फार कठीण जाते. साडेचारला अंधार, रविवारी दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पण याच गावात, थोडं पुढे सरकलात की, लोक तुम्हाला ओळखायला लागतात आणि तुम्ही नसलात तर त्यांना ते कळतं. परदेशात माणसाला याहून जास्त काय हवं असतं, मला खरंच माहीत नाही.

पुढे सरकायचं म्हणजे आधी भाषा, त्याला पर्याय नाही. गावात फोल्क्सहोखशूले आहे, म्हणजे नगरपालिकेच्या आधाराने चालणारे प्रौढांचे वर्ग. सरकारी इंटिग्रेशन कोर्स साधारण 600 तासिका भाषेचा आणि 100 तासिका इथला कायदा, इतिहास, समाज यांचा असतो. माझ्या वर्गात सीरियातून आलेली फार्मासिस्ट होती, युक्रेनची गणिताची शिक्षिका होती, रुमानियाचा ट्रक ड्रायव्हर होता. ज्यांनी घरदार मागे टाकलं ती माणसं हिरिरीने क्रियापदं पाठ करत होती. त्यांच्या शेजारी बसून "आपण काय, दोन वर्षांनी जाणार" असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. आणि ज्यांना फक्त फायद्याचीच भाषा कळते त्यांच्यासाठी सांगते, ब्लू कार्डवाल्याला बी-1, म्हणजे मधल्या पातळीची, जर्मन येत असेल तर कायमच्या वास्तव्याचा परवाना 21 महिन्यांत मागता येतो, नुसती ए-1, म्हणजे अगदी सुरुवातीची, असेल तर 27 महिने थांबावं लागतं.

वर्गातली जर्मन आणि बेकरीतली जर्मन वेगळी, हेही खरं. इथले लोक फ्रँकोनियन बोली बोलतात. प आणि त इतके मऊ करतात की सुरुवातीला काही कळत नाही. महिनाभर रोज त्याच बेकरीत जा, कान आपोआप बसतो.

भाषेनंतर फेराइन, म्हणजे मंडळ. जर्मनीत सात माणसं जमली की मंडळाची नोंदणी करता येते, आणि या गावात गाण्यापासून नेमबाजीपर्यंत सगळ्याची मंडळं आहेत. मी निवडलं ते बागांचं. क्लाइनगार्टन म्हणतात त्याला. गावाच्या कडेला लहान लहान वाफ्यांची वसाहत असते, प्रत्येकाला एक तुकडा भाड्याने मिळतो. त्याचा देशभरासाठी एक कायदा आहे. तुकडा 400 चौरस मीटरपेक्षा मोठा असू नये, झोपडी 24 चौरस मीटरपर्यंत, तिथे मुक्काम करून राहायचं नाही, आणि साधारण एक तृतीयांश जागेत फळं-भाज्या लावल्याच पाहिजेत. नुसती हिरवळ राखून खुर्च्या टाकल्या तर समिती चिठ्ठी पाठवते. शिवाय वर्षातून ठरावीक तास सामुदायिक श्रम. फाटक रंगवा, पाला गोळा करा, कुंपण नीट करा. ही श्रमाची अट मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण तिथे कुणी कुणाशी ओळख करून घ्यायला येत नाही, सगळे काम करायला येतात आणि ओळख होऊन जाते.

माझ्या शेजारच्या तुकड्यावर एक आजोबा आहेत. आयुष्य बेअरिंगच्या कारखान्यात गेलं. पहिल्या श्रमाच्या शनिवारी ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. माझ्या हातातलं दाताळं घेतलं, दांड्यावरची माझी पकड बदलून दाखवली आणि परत हातात दिलं. एप्रिलच्या शेवटी ऊन पडल्यावर मी टोमॅटोची रोपं घेऊन आले, तर कुंपणापलीकडून म्हणाले, "सोफी होऊ दे आधी." 15 मे हा इथे संत सोफीचा दिवस, आणि तो होईपर्यंत रात्रीच्या गारठ्याचा भरवसा नाही म्हणून कोवळी रोपं कुणी बाहेर लावत नाही. रोपं परत घरी नेली, खिडकीत ठेवली. ऑगस्टमध्ये पहिला टोमॅटो त्यांना दिला तर त्यांनी तो तळहातावर घेऊन अंगठ्याने हळूहळू फिरवला, एक पूर्ण फेरी. कारखान्यात गोळीचा दोष असाच शोधत असणार. मग मान हलवली आणि खाल्ला.

त्याच वर्षी शरदात मी आजारी पडले आणि बरेच दिवस बागेकडे फिरकले नाही. एका संध्याकाळी दारावर बेल. आजोबा, हातात आलुबुखारांची पिशवी. पत्ता त्यांनी मंडळाच्या चिटणीसबाईंकडून काढला होता. आत आले नाहीत. "मिरच्यांना पाणी मी घालतोय," एवढं सांगून गेले. नवरा मला म्हणाला, आपल्याला इथे कुणीतरी शोधत आलं. तोपर्यंत आमच्या दारावर बेल वाजायची ती फक्त पार्सलची.

अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. गावाच्या मुख्य चौकात एका कवीचा पुतळा आहे, फ्रीडरिश र्‍युकर्ट, जन्म 1788, याच गावातला. पुढे तो एरलांगेनला पौर्वात्य भाषांचा प्राध्यापक झाला आणि 1828 मध्ये त्याने नल-दमयंतीचं आख्यान जर्मन काव्यात आणलं. आमच्या मंडळाच्या बैठकीत मी हे सहज बोलले, तर पुतळा रोज बघणाऱ्यांपैकी कुणालाच ती गोष्ट माहीत नव्हती. सांगा म्हणाले. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये हंस, स्वयंवर, फासे, जंगल सगळं सांगितलं. दमयंतीला झोपेत टाकून नल निघून जातो तिथे बायका खवळल्या. अर्धा तास वाद चालला की तिने त्याला परत घ्यायला हवं होतं का. त्या संध्याकाळी मी परकी नव्हते. आणि हे या साध्या, पर्यटकांनी ओलांडून जायच्या गावातच झालं.

आता अवघड बाजू, कारण ती लपवून कुणाला गोड चित्र दाखवायचं नाही. डॉक्टर हा मोठा प्रश्न आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ "नवीन पेशंट घेत नाही" सांगतात, फोनवर फोन करावे लागतात. आल्या आल्या, धडधाकट असतानाच, एका फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवून ठेवा, आणि दवाखाने बंद असतानाच्या वेळेसाठी 116117 हा नंबर फोनमध्ये ठेवा.

राजकारणाची झळही लागते. फेब्रुवारी 2025 च्या निवडणुकीत एएफडी हा स्थलांतराला विरोध करणारा कडवा उजवा पक्ष 20.8 टक्के मतं घेऊन देशात दुसरा पक्ष झाला. लहान गावात आपला चेहरा गर्दीत मिसळत नाही. बसमध्ये एखादी नजर लांबते, ती मला कळते. निवडणुकीनंतरच्या आठवड्यात मी बाजारात प्रत्येक पाचव्या माणसाकडे बघत होते, आणि ते फार वाईट वाटणं होतं. त्यावर माझ्यापाशी एकच उपाय आहे, जितके लोक मला नावाने ओळखतील तितकं बरं. पुरेसा आहे का? नाही. पण खोक्यांमध्ये बसून तर काहीच होत नाही.

आणि नोकऱ्या. झेडएफने 2024 च्या जुलैमध्ये जर्मनीत 2028 पर्यंत 11 ते 14 हजार जागा कमी करण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शेफलरनेही युरोपात सुमारे 4,700 जागांची कपात जाहीर केली. एकाच धंद्यावर उभ्या गावात अशी बातमी प्रत्येक घरात शिरते. आजोबांच्या मुलालाही तीच धाकधूक आहे आणि आम्हालाही. आमच्या बाबतीत परवाना नोकरीला बांधलेला, त्यामुळे नवी शोधायला हातात मोजकेच महिने असतात. म्हणजे जावं लागूही शकतं. काही जण म्हणतात, मग कशाला जीव लावायचा? मला हा युक्तिवाद मुळातच पटत नाही. जाण्याची तारीख आपल्या हातात नसेल तर आजचा दिवस तरी नीट जगायला काय हरकत आहे? शिवाय बी-1 चं प्रमाणपत्र आणि ओळखीच्या माणसांनी दिलेली शिफारस पुढच्या गावातही चालते.

इथे माणसं आणणाऱ्या कंपन्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. भाषेचा वर्ग फक्त कर्मचाऱ्याला देऊ नका. तो ऑफिसात इंग्रजीवर निभावून नेतो. वर्गाची खरी गरज घरी थांबलेल्या जोडीदाराला आहे. कुटुंब कंटाळून परत गेलं की तुमचा इंजिनियरही जातो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणि नवीन आलेल्यांनो, सोफा घ्या. खोकी उघडा. घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवायला जावंच लागतं, त्याच फेरीत वाचनालयाचं कार्डही काढा. बागेसाठी नाव लवकर द्या, यादी लांब असते. मुलं असतील तर फुटबॉल किंवा जिम्नॅस्टिक्सच्या मंडळात घाला, आईबापांच्या ओळखी मैदानाच्या कडेला होतात. म्युनिकला जायचं असेल तर खुशाल जा, पण इथे राहून जा.

श्वाइनफुर्टमध्ये किंवा आसपास कुणी असाल, विशेषतः दिवसभर घरी एकट्या असणाऱ्या बायका, मला इथेच मेसेज करा. पहिल्यांदा वर्गाला जायला अवघड वाटत असेल तर मी सोबत येईन. फॉर्म जर्मनमध्ये आहे, भरायला मदत करते. मे महिन्याचा मधला आठवडा उलटला की मिरचीची आणि टोमॅटोची जास्तीची रोपंही आहेत, पिशवी घेऊन या.