कुंपणाचे इंग्रजी शब्द आणि त्यांच्यामागची जमीन

कोंबड्यांचं 'कूप', डुकराचं 'स्टाय', कुत्र्याचं 'केनेल', मेंढ्यांचं 'फोल्ड'. मुलं जोड्या लावतात, मार्क मिळवतात आणि परीक्षेनंतर विसरून जातात. कुंपण घालण्याचे, कोंडण्याचे इंग्रजी शब्द असे शिकवलेले पाहिले की मला मनापासून वाईट वाटतं. यातले कितीतरी शब्द जमिनीच्या भांडणातून आले आहेत, आणि ते भांडण कुणी शिकवतच नाही.

'पार्क' घ्या. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये पार्क म्हणजे राजाने किंवा सरदाराने शिकारीची हरणं ठेवण्यासाठी बंदिस्त केलेलं रान. मातीचा बांध, आतल्या बाजूने चर, वर लाकडी खुंटांचं कुंपण. हरणाने बाहेर जायचं नाही, गावकऱ्याने आत यायचं नाही.

सगळ्यात जड शब्द मात्र 'एन्क्लोजर'. कोशात अर्थ सापडतो 'कुंपण घातलेली जागा'. इंग्लंडच्या गावात पूर्वी 'कॉमन' म्हणजे सामाईक वापराची जमीन असायची. तिथे गरिबाला गाय चारता यायची, सरपण आणता यायचं. हा हक्क बहुतेकदा वहिवाटीचा, कागद कुणाकडे असणार? मग १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने ५,२०० हून जास्त कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमीन बंदिस्त केली. इंग्लंडच्या एक पंचमांशाहून थोडी जास्तच. ज्याला हक्क सिद्ध करता आला त्याला तुकडा मिळाला, पण त्या तुकड्याला कुंपण स्वखर्चाने घालायचं होतं. छोट्या शेतकऱ्याला तो खर्च झेपेना, अनेकांनी तुकडे विकून टाकले. आज आपले लोक तिकडे फिरायला गेले की हिरव्या 'हेज'चे फोटो टाकतात. मध्य इंग्लंडमधली त्यातली बरीचशी झुडपं याच वाटण्यांच्या वेळी लावलेली आहेत.

पार्लमेंटच्या कायद्यांआधीही जमीनदार अशी कुंपणं घालत होते, आणि लोक तेव्हाही गप्प बसले नव्हते. १५४९ मध्ये पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफकमध्ये गावकरी कुंपणं उपटत सुटले. रॉबर्ट केट हा स्वतः जमीनदार, त्याचीही कुंपणं होती. गावकरी आले तेव्हा त्याने त्यांचं म्हणणं मान्य केलं, स्वतःची कुंपणं पाडायला मदत केली आणि बंडाचा पुढारी झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याला नॉरिचच्या किल्ल्यावर फाशी दिली. शब्दांच्या धड्यात केटचं नाव यायला हवं असं मला फार वाटतं.

आणि हे सगळं परक्यांचं नाही. 'पाउंड' म्हणजे भटकी गुरं अडकवून ठेवायची जागा, मालकाने दंड भरून सोडवून न्यायची. इंग्रज सरकारने १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यात तीच व्यवस्था आपल्याकडे बसवली. आपल्या गावचा कोंडवाडा तो हाच. पुढे १८७८ चा जंगल कायदा आला. जंगलखात्याने डोंगर-टेकड्यांबरोबर गायरानंही ताब्यात घेतली, यावर महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये कडक शब्दांत लिहिलं. नॉरफकच्या शेतकऱ्याचं आणि पुणे जिल्ह्यातल्या कुणब्याचं दुखणं एकाच जातीचं होतं.

इंग्रजी शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींना विनंती आहे. पुढच्या वेळी 'पाउंड' फळ्यावर आला की गावातल्या जुन्या कोंडवाड्यापर्यंत मुलांना घेऊन जा. कुणाची गुरं तिथे अडकायची, दंड किती असायचा आणि गायरान कुठपर्यंत होतं, हे म्हाताऱ्या माणसांना विचारू द्या. मुलांना काय सांगितलं ते इथे कमेंटमध्ये जरूर लिहा, मला वाचायचं आहे.