पेडल खाली गेलं म्हणजे मास्टर सिलिंडर गेला असं नाही

पावसाळ्यात इंदूरहून जानापाव, पातालपानी, भेरूघाट अशा वाटांना जुन्या जिप्सी आणि जीप निघतात. त्यांच्या मालकांमध्ये एक मेसेज फिरतोय: "जुन्या फोर बाय फोरचं ब्रेक पेडल खाली गेलं की मास्टर सिलिंडर गेला समजा. नवा टाका. पेडल जोरात मारून हवा काढा. डॉट ५ भरा. तोवर दोनदा पंप मारलात की गाडी थांबते." मास्टर सिलिंडर म्हणजे पेडलचा दाब ब्रेक ऑइलमधून चाकांपर्यंत पोचवणारा पंप, आणि डॉट ५ हा ब्रेक ऑइलचा एक प्रकार. यातला एकही सल्ला जसाच्या तसा पाळू नका.

पेडल खाली जातं ते कसं, हे आधी पायाने ओळखायचं. इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखं 30 सेकंद दाबून धरा. बाहेर कुठेच गळती नसताना ते हळूहळू खाली सरकत गेलं, तर मास्टरच्या आतला रबर कप ऑइल मागे सोडतोय, हा संशय रास्त. पण पहिल्या दाबाला खाली आणि दुसऱ्या-तिसऱ्याला वर येऊन टणक होत असेल, तर ड्रम (चाकासोबत फिरणारं ब्रेकचं भांडं) आणि त्याला आतून घासणारे शू यांच्यातलं अंतर वाढलंय. हे अंतर कमी-जास्त करणारा ॲडजस्टर फिरवा, चाक अडेपर्यंत, मग जरासं घासत फिरेल इतकं मागे. स्पंजसारखं दबत असेल तर ब्रेकच्या नळ्यांत हवा. खराब रस्त्यानंतर पहिलाच दाब रिकामा जात असेल तर पुढचं चाक जॅकवर उचला, टायर वर-खाली धरून हलवा. बेअरिंग ढिली असली की डिस्क (चाकासोबत फिरणारी ब्रेकची चकती) डुगडुगते आणि तिला दाबणारे पॅड मागे ढकलते. जिप्सीत हे हमखास तपासावं, तिला पुढे डिस्क आहे.

तरी खात्री होत नसेल तर होज, म्हणजे ब्रेक ऑइलच्या रबरी नळ्या, चिमटून पाहा. पुढच्या दोन चाकांचे दोन आणि मागच्या ॲक्सलचा एक, असे तीन रबरी होज गोल तोंडाच्या होज-क्लॅम्पने बंद करा. साधी पक्कड लावली तर होज आतून फाटतो, आणि तडे गेलेले होज चिमटायचेच नाहीत, बदलायचे. तिन्ही बंद असताना पेडल उंच आणि दगडासारखं लागलं, तर मास्टर ठीक आहे. मग एकेक क्लॅम्प सोडा. जो सोडल्यावर पेडल खाली गेलं, दोष त्याच बाजूला. नव्या मास्टरचे पैसे इथेच वाचतात.

"जोरात मारून हवा काढा" हा सल्ला तर चांगला मास्टर बिघडवतो. रोजच्या वापरात कप सिलिंडरच्या ठरावीक भागातच फिरतो. त्यापुढे गंज आणि गाळ साचलेला असतो. पेडल फरशीपर्यंत मारलं की कप त्या खरखरीत भागावर जाऊन चिरतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, सावकाश दाबा. स्टिअरिंग आणि मास्टर उजवीकडे असलेल्या या गाड्यांत हवा काढायचा क्रम साधारण असा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

डॉट ५ सिलिकॉनचं असतं. डॉट ३ किंवा ४ मध्ये ते मिसळत नाही, भरू नका. डॉट ४ कोरडं असताना 230 अंशांच्या खाली उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर ही मर्यादा 155 वर येते. जुनं ऑइल घाटात दगा देतं ते यामुळे.

पंप मारून गाडी चालवणं सर्वांत धोक्याचं. उतारावर तापलेला ड्रम फैलतो, शूपासून आणखी लांब जातो, आणि सपाटीवर दोन पंपांत येणारं पेडल तिथे येत नाही.

मेसेजमध्ये ड्रम उघडायचं नावच नाही, आणि जुन्या गाडीत बऱ्याचदा दोष तिथेच असतो. गाडी एका बाजूला ओढत असेल तर ड्रम काढून लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, पाहा. ओला असेल तर त्यातला थेंब वाटीभर पाण्यात टाका. विरघळला तर ब्रेक ऑइल, म्हणजे शू ढकलणारा व्हील सिलिंडर गळतोय. वर तवंग धरून तरंगला आणि गंधकासारखा वास आला तर गिअर ऑइल, म्हणजे ॲक्सलचं सील गेलंय. भिजलेले लायनर धुऊन परत लावू नका, दोन्ही बाजूंचे बदला. आणि नवं सील बसवण्याआधी ॲक्सलवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जाण्याची वाट) उघडून बघा: नाल्यातल्या चिखलाने तो बुजला असेल, तर तापलेल्या ॲक्सलमधला दाब नव्या सीलमधूनही ऑइल बाहेर ढकलेल.