आधीच्या मालकाचे नाव (सक्तीचे)

माझ्या जुन्या होडीचे आधीचे मालक कोण, असं मी तिची नोंद ठेवणाऱ्यांना विचारलं होतं. काल त्यांचा मेल आला. 'आपल्या होडीच्या आधीच्या मालकांची नावे ही खासगी माहिती असल्याने देता येत नाहीत. मालकी नोंदवायची असल्यास सोबतचा फॉर्म भरावा.' फॉर्म उघडला. तिसरा रकाना, शेजारी तांबडी चांदणी: आधीच्या मालकाचे पूर्ण नाव.

म्हणजे ते नाव मी त्यांना सांगायचं, त्यांनी मला सांगितलं तर कायदा मोडतो. 2018 पासून इकडे इंग्लंडात माहितीच्या गोपनीयतेचे नियम कडक झालेत, मान्य. पण मी कुणाचा रक्तगट विचारत नव्हतो. जेमतेम अकरा फुटी, लाल शिडाची, प्लायवुडची होडी पूर्वी कुणाकडे होती, एवढंच.

होडी म्हणजे मिरर. टीव्हीवर घरदुरुस्तीचे धडे देणारे बॅरी बकनेल आणि होड्यांचे आरेखक जॅक होल्ट यांनी ती आखली आणि 'डेली मिरर' या वर्तमानपत्राने लोकांपुढे आणली. किंमत 63 पौंड 11 शिलिंग. त्यात कापलेल्या प्लायवुडचा संच मिळायचा. तुकडे तांब्याच्या तारेने टाके घालून जोडायचे, सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी चिकटवायची, झाली होडी. अशा 70 हजारांवर झाल्या. कारकून, मास्तर, पोस्टमन, ज्याच्याकडे गॅरेज तो कारखानदार. आता इतक्या कारखानदारांचं दप्तर कोण ठेवणार?

श्रीमंतांच्या नौकांचं तसं नाही. त्यांच्यासाठी 1878 पासून 1980 पर्यंत 'लॉइड्स'ची जाडजूड नोंदवही निघत होती: नौकेचं नाव, पूर्वीचं नाव, बांधणारा, मालक. शिवाय ब्रिटिश कायद्यानं नोंदलेल्या जहाजाचे 64 हिस्से मानतात आणि त्याचा सरकारी नंबर मुख्य तुळईत कोरून ठेवतात. आपल्या कला 64, त्यांचे हिस्से 64. माझ्या होडीच्या वाट्याला एक नंबर आला आणि तो ज्याच्या वहीत आहे तो वही उघडत नाही. राग येतो तो याचा.

नाद लागला तो मात्र रंग खरवडताना. वरचा पांढरा गेला, खाली फिकट हिरवा निघाला, त्याखाली निळा, आणि निळ्यावर एका नावाचा शेवट: 'लेट'. व्हायोलेट असेल, स्कार्लेट असेल. बायकोने तिसरी शक्यता सांगितली, ती इथे लिहीत नाही. होडीचं नाव बदलणं अपशकुनी असं जुने खलाशी सांगतात. इथे तर आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून सुनेचं नाव बदलत तसं प्रत्येकानं होडी घरी आणली की आधी ब्रश उचललेला. बाकाच्या खाली पेन्सिलीने कुणीतरी लिहिलंय, 'ही बाजू वर'. ती बाजू खाली आहे.

तर मी सँडपेपर घेऊन घासत होतो. शीड वाळत घातलं होतं. क्लबच्या आवारातून एक आजोबा आले. डोक्यावर लोकरी टोपी, हातात बिस्किटांचा पुडा, मागे ओला कुत्रा.

"अरे! ही आमची पफिन!"

मी म्हटलं, "कशावरून?"

"शिडावरचा नंबर. झोपेतसुद्धा सांगेन." मग खिशातून चष्मा काढला आणि नंबर वाचून दाखवला. "कुठे मिळाली तुम्हाला?"

"विकत घेतली."

"ते झालं हो. पण मिळाली कुठे?"

त्यानंतर त्यांनी बिस्किट पुढे केलं आणि कुत्र्याला दिलं. मग सगळी कूळकथा. भावाने ही जेवणाच्या खोलीत बांधली, त्यामुळे अख्खा हिवाळा घरच्यांनी स्वयंपाकघरात उभ्याने जेवून काढला. बाहेर काढायची वेळ आली तेव्हा दार अरुंद निघालं, चौकट उखडली, आणि ती पुन्हा बसवायची ठरली ती बहिणीच्या लग्नात. भावाची वाग्दत्त वधू पहिल्याच फेरीला पाण्यात पडली. लग्न मोडलं. होडी एका पाद्र्याला विकली, त्याने तिचं नाव बदललं. एवढं सांगून ते थांबले, होडीच्या पुढच्या टोकावर हात फिरवला आणि मला म्हणाले, "तिथे इतकं घासू नका. तिला आवडत नाही."

"तुम्ही मूळचे कुठले?"

"सांगलीचा."

"तिकडे समुद्र आहे?"

"नाही. पूर येतो."

हे त्यांना पटलं असावं. "मग सांभाळून वापरा. आमच्या घरातली आहे," म्हणाले.

आता सांगा. पैसे माझे, पाठ माझी, फुप्फुसात गेलेली निळ्या रंगाची पूड माझी. पण पाद्री तिचा, भाऊ तिचा, रस्त्यावरून जाणारा कुत्रासुद्धा तिच्या नात्यातला. पोरसवदा गोरा मालक असता तर त्याला 'विकत घेतली' दोनदा सांगावं लागलं असतं का? असेलही. वयाचा दोष असेल. पण मी रात्री कूस बदलत त्याचा विचार केला, हे खरं.

नंबर लाकडातही कोरलेला असतो, तो बाकाशेजारी मला सापडला होता. शिडावरच्या नंबराशी त्याचा एकही आकडा जुळत नव्हता. यात नवल नाही. शीड फाटलं की लोक दुसऱ्या मिररचं जुनं घेतात, नंबरासकट. मी आजोबांना वाकून बघायला लावलं. त्यांनी बघितलं, बोट फिरवून बघितलं, बिस्किट संपवलं.

"म्हणजे होडी आमची नाही."

"नाही."

"मग शीड आमचं आहे!"

चेहरा पडेल असं वाटलं होतं, तो उलट उजळला. शिडाची खालची कड हातात घेऊन त्यांनी एक तपकिरी डाग शोधून काढला. म्हणे आईने चहा सांडला होता. मला तो गंजाचा वाटत आलाय, पण बोललो नाही. दहा पौंड देऊ केले. मी नाही म्हटलं. "मग राहू दे तुमच्याकडेच," असं अशा उदारपणे म्हणाले की मीच आभार मानून बसलो.

रविवारी भावाला घेऊन येणार आहेत. भाऊ गुडघ्याने अधू, फार वेळ उभा राहू शकत नाही. तेव्हा अकराच्या आत शीड चढवून ठेवा, खुर्ची असेल तर बरं, आणि तो दूध नसलेला चहा घेतो, असं जाता जाता सांगून गेले.