‘आधी स्वतःचं ठरवा’: वणव्यांवरच्या लेखाच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा अर्धी पटली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचे आक्षेप दोन. मी एका परिच्छेदात वणव्याला जंगलाची गरज म्हणतो आणि पुढच्यात विध्वंस, तेव्हा ‘आधी स्वतःचं ठरवा’. आणि उपग्रहांच्या नोंदींनुसार जगातलं जळीत क्षेत्र घटतंय, मग एवढी ओरड कशाला?

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात तुमची माहिती बरोबर आहे. १९९८ ते २०१५ या काळात जळीत क्षेत्र सुमारे २५ टक्क्यांनी घटलं. पण कुठे? मुख्यतः सॅव्हानात, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशात. जगात दरवर्षी जे जळतं त्यातला निम्म्याहून कितीतरी जास्त भाग एकट्या आफ्रिकेतला, आणि तोही बहुतेक गवताचा. गवताळ जमीन नांगराखाली गेली, गुरं वाढली, आगीला पुढे सरकायला सलग गवत उरलं नाही. (ही घटही निखळ आनंदाची नाही. आग थांबली की सॅव्हानात झुडपं माजतात आणि गवतावर जगणाऱ्यांची पंचाईत होते.) जळालेलं गवत पुढच्या पावसात परत येतं. कॅनडात २०२३ साली दीड कोटी हेक्टरच्या आसपास क्षेत्र जळालं, तिथल्या सूचिपर्णी जंगलाला सावरायला कित्येक दशकं लागतील. हे दोन्ही एकाच बेरजेत घातलं तर आकडा खाली येतो खरा, पण जंगलाचं काय झालं ते त्यातून कळत नाही.

आता पहिला आक्षेप. एकट्या कॅलिफोर्नियाचंच पाहा. सिएरा नेवाडाच्या उतारांवर पाँडेरोसा पाइनची जंगलं आहेत. साल जाड, खालच्या फांद्या गळून गेलेल्या. दर काही वर्षांनी जमिनीलगत सरपटणारी आग तिथला पालापाचोळा साफ करायची, मोठ्या झाडांना धक्का लागत नसे. मग माणसाने आग विझवायचा चंग बांधला. १९३५ साली अमेरिकेच्या वनखात्याने धोरणच ठरवलं: दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत आटोक्यात आलीच पाहिजे. काडीकचरा साचत गेला, मध्यम उंचीची झाडं दाटली, आणि आता लागलेली आग त्यांच्यावरून शिडी चढावी तशी थेट शेंड्यांपर्यंत जाते. त्याच राज्याच्या दक्षिण किनाऱ्याकडे शॅपराल नावाचं झुडपी रान आहे. त्याचं दुखणं नेमकं उलटं. माणसांमुळे तिथे आगी इतक्या वरचेवर लागतात की झुडपांना बी धरायलाही उसंत मिळत नाही, आणि मोकळ्या जागेत परदेशी गवत घुसतं. ते लवकर वाळतं आणि लवकर पेटतं. एका ठिकाणी आग कमी पडली, दुसरीकडे जास्त झाली. सांगा, मी एकच काय ठरवू?

ॲमेझॉनच्या वर्षावनाबद्दल मात्र माझ्या मनात दुमत नाही. तिथल्या बहुतेक झाडांची साल पातळ असते, गुडघाभर ज्वाळाही त्यांना पुरते. इंडोनेशियात तर पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या दलदली कालवे खणून कोरड्या केल्या, त्यामुळे १९९७ आणि २०१५ साली जमीनच आतून धुमसत राहिली.

पण एक चूक कबूल करतो. ‘वणव्यानंतर जंगल नव्या जोमाने उभं राहतं’ हे वाक्य मी कोणतं जंगल ते न सांगता लिहिलं होतं. डोळ्यांसमोर अमेरिकेतलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान होतं: १९८८ साली उद्यानाच्या सुमारे ३६ टक्के भागात आग फिरली, आणि लॉजपोल पाइनचे राळेने बंद झालेले शंकू उष्णतेने उघडून रोपांचे ताटवे उगवले. ते वाक्य आता बदललंय, आणि त्याखाली ऑस्ट्रेलियातल्या ॲल्पाइन ॲशचं उदाहरण जोडलंय. तीव्र आगीत हे झाड मरतं, पण बियांतून पुन्हा उगवतं. नव्या झाडांना पुरेसं बी धरायला पंधरा-वीस वर्षं लागतात. तिथल्या व्हिक्टोरिया राज्यात त्याआधीच पुन्हा आग आली, तिथे हेलिकॉप्टरमधून बी पेरावं लागलं.