‘चोवीस व्होल्टला काय घाबरायचं?’ : अ‍ॅक्च्युएटरच्या फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

मेंटेनन्सवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मथळा आहे ‘इलेक्ट्रिक लिनिअर अ‍ॅक्च्युएटर : पाच मिनिटांत दुरुस्ती’. (हा अ‍ॅक्च्युएटर म्हणजे मोटरने स्क्रू फिरवून, त्यावरचा नट आणि नटाला जोडलेला रॉड सरळ रेषेत पुढे-मागे सरकवणारं उपकरण.) मजकूर थोडक्यात असा : चोवीस व्होल्टचा अ‍ॅक्च्युएटर असेल तर सप्लाय चालू ठेवून काम केलं तरी धोका नाही. इलेक्ट्रिकला मेंटेनन्स लागत नाही. अडकला तर बॅटरीवरून डायरेक्ट द्या, लिमिट स्विच (रॉड टोकाला पोहोचला की मोटर थांबवणारा) आडवा येत असेल तर शॉर्ट करा. ट्रिप होत असेल तर करंट लिमिट वाढवा. आवाज करत असेल तर गंज सोडवायचा स्प्रे मारा. आयपी ६६ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) लिहिलं असेल तर प्रेशर वॉशरने बिनधास्त धुवा. एवढं करून चालला नाही तर मोटर गेली समजा, नवा बसवा, उघडत बसू नका. खाली जोडलेले हात आणि ‘सर्व फिटर बांधवांपर्यंत पोहोचवा’.

लिहिणारा मशीनवर काम केलेला माणूस असावा. जवळजवळ प्रत्येक ओळीत काहीतरी खरं आहे, आणि म्हणूनच हा मेसेज पटकन पटतो. पण त्याची नजर सगळीकडे विजेवर आणि मोटरवर आहे. अ‍ॅक्च्युएटरच्या कामात जिवाला धोका असतो तो बहुतेक वेळा रॉडच्या पुढे टांगलेल्या भारापासून, आणि बिघाडाचं कारणही पुष्कळदा तिथेच सापडतं.

पहिला मुद्दा चोवीस व्होल्टचा. कोरड्या हाताला २४ व्होल्ट डीसीचा शॉक सहसा बसत नाही, हे मान्य. पण १०,००० न्यूटनचा, म्हणजे साधारण एक टन ढकलणारा अ‍ॅक्च्युएटर २४ व्होल्टवरच चालतो. तो सेकंदाला १० मिलिमीटर सरकत असेल तर रॉडच्या टोकाला निघणारी शक्ती होते १०० वॉट, छताच्या पंख्याला लागते त्याहून थोडीच जास्त. स्क्रूमुळे वेग मारला जातो आणि त्या बदल्यात जोर मिळतो. फिक्स्चर आणि फ्रेमच्या मध्ये बोट आलं तर व्होल्टेज किती होतं, याला काही अर्थ उरत नाही.

याहून फसवी गोष्ट म्हणजे मोटरमधला थर्मल स्विच. कित्येक अ‍ॅक्च्युएटरमध्ये तो आपोआप रिसेट होणारा असतो. मोटर तापली, स्विच उघडला, रॉड अर्ध्यात थांबला. ऑपरेटर म्हणतो ‘जॅम झाला’, फिटर हात घालून बघायला लागतो. पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा, आउटपुट मात्र तसाच चालू आहे. काही मिनिटांनी मोटर थंड होते, स्विच जुळतो आणि कोणी बटणाला हातही न लावता रॉड पुन्हा निघतो. सप्लाय न तोडता चोवीस व्होल्टवर काम करू नये, याला एवढं एकच कारण पुरेसं आहे.

आणि सप्लाय तोडला की झालं, असंही नाही. अ‍ॅक्मे म्हणजे ट्रॅपेझॉइडल स्क्रूमध्ये घर्षण इतकं असतं की भार सहसा जागच्या जागी राहतो. सहसा, कारण सततच्या कंपनाने तोही हळूहळू उतरू शकतो. बॉल स्क्रूची (ज्याच्या नटात गोळ्या फिरतात) कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे मोटर जितक्या सहज भार उचलते, तितक्याच सहज भार स्क्रूला उलटा फिरवतो. त्याला धरून ठेवतो तो फक्त मोटरवरचा ब्रेक. उभ्या अक्षावर मोटर किंवा टायमिंग बेल्ट काढला की ब्रेक आणि स्क्रू यांचा संबंध तुटतो आणि स्लाइड खाली येते. म्हणून भार आधी खाली टेकवायचा, ते शक्य नसेल तर लोखंडी टेकू किंवा लॉकिंग पिन लावायची. मग आयसोलेटर (सप्लाय तोडणारा मुख्य स्विच) पाडून त्याला आपलं स्वतःचं कुलूप आणि टॅग, किल्ली आपल्या खिशात. मग स्टार्टचं बटण दाबून बघायचं, मशीन खरंच चालत नाही ना ते. आणि शेवटी मीटर : आधी चालू पॉइंटवर तपासून घ्यायचा, मग आपल्या टर्मिनलवर लावायचा, मग पुन्हा चालू पॉइंटवर. मधल्या वेळात मीटरच मेलेला असेल तर तो शून्यच दाखवणार.

सर्वो ड्राइव्ह (मोटरचा वेग आणि जागा नियंत्रित करणारं युनिट) असेल तर इथे विजेची भीतीही खरी आहे. ४१५ व्होल्ट थ्री-फेज सप्लायवर आतल्या डीसी बसवर, म्हणजे ड्राइव्हमधल्या डीसी वाहिनीवर, साधारण ५८५ व्होल्ट तयार होतात, आणि मेन बंद केल्यावरही ते कपॅसिटरमध्ये काही मिनिटं राहतात. डिस्प्ले विझला म्हणजे बस रिकामी झाली, असं मुळीच नाही. किती मिनिटं थांबायचं ते ड्राइव्हच्या अंगावरच लिहिलेलं असतं. तेवढं थांबायचं आणि तरीही मोजून बघायचं.

दुसरा दावा : मेंटेनन्स लागत नाही. हा समज कुठून आला ते समजण्यासारखं आहे. चाकण-भोसरीपासून वाळूज-सातपूरपर्यंत ज्यांनी न्यूमॅटिक (हवेच्या दाबावरचे) सिलिंडर काढून हे बसवले, त्यांची एफआरएलचं (हवेच्या फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटरचं) पाणी काढणं, गळके कनेक्टर शोधणं, सील किट बदलणं या सगळ्यांतून सुटका झाली. त्या मानाने इलेक्ट्रिक म्हणजे सुखच. लहान अ‍ॅक्च्युएटर तर आयुष्यभराचं ग्रीस भरूनच येतात. पण ते आयुष्य नेमप्लेटवरच्या भाराचं आणि ड्युटी सायकलचं (एकूण वेळेपैकी चालू राहण्याच्या प्रमाणाचं) असतं. बॉल स्क्रूचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. भार पाव पटीने वाढला की आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं, दुप्पट झाला तर आठवा हिस्सा उरतो. ड्युटी सायकल २५ टक्के असेल तर एक मिनिट चालल्यावर तीन मिनिटं विश्रांती हवी. बसवताना हा हिशोब झालेलाही असतो. नंतर ऑर्डर वाढते, सायकल टाइम कमी होतो, आणि नेमप्लेटकडे पुन्हा कोणी बघत नाही.

आखूड स्ट्रोकचे (रॉड थोडंसंच अंतर सरकणारे) अ‍ॅक्च्युएटर याबाबतीत जास्त नाजूक. ५०० मिलिमीटरच्या स्क्रूवर महिनोन्महिने मधल्या २० मिलिमीटरमध्येच नट पुढे-मागे होत असेल, तर तेवढ्या जागेतलं ग्रीस बाजूला सारलं जातं आणि त्या पट्ट्यात स्क्रू खराब होतो. अधूनमधून, मशीन मोकळं असताना, नट पूर्ण स्ट्रोक फिरवून आणला की ग्रीस पुन्हा पसरतं. ग्रीस निप्पल असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेलं ग्रीसच घालायचं. लिथियम ग्रीसवर पॉलियुरिया ग्रीस चढवलं तर काही जोड्या पातळ होऊन वाहून जातात.

बॅटरीवरून डायरेक्ट देण्याबद्दल. साध्या दोन वायरच्या डीसी अ‍ॅक्च्युएटरसाठी ही तपासणी योग्यच आहे, दोष पॅनलमध्ये की अ‍ॅक्च्युएटरमध्ये ते तिने लगेच कळतं. पण भार सुटा करून, मध्ये फ्यूज टाकून, रॉड दोन्ही टोकांपासून दूर असताना आणि क्षणभरच. आत कंट्रोल कार्ड असलेल्याला, थ्री-फेज किंवा सर्वो मोटरवाल्याला हा प्रयोग करायचा नाही. लिमिट स्विच शॉर्ट करणं मात्र कुठल्याच प्रकारात बसत नाही. नट स्क्रूच्या टोकावर जाऊन आदळतो आणि तिथे असा आवळून बसतो की मोटरला तो उलटा सोडवता येत नाही, नाहीतर गिअरचे दात तरी जातात. बऱ्याच डीसी अ‍ॅक्च्युएटरमध्ये लिमिट स्विचला समांतर डायोड असतो. टोकाला पोहोचल्यावर एका पोलॅरिटीला अ‍ॅक्च्युएटर मेल्यासारखा वागतो आणि वायरी उलटवल्या की परत येतो. म्हणजे ‘एकाच दिशेने चालतोय’ ही तक्रार आली तर आधी रॉड टोकाला आहे का ते बघा. असेल तर तो बिघाड नाहीच.

आता करंट लिमिट, माझ्या मते मेसेजमधली सगळ्यात महाग पडणारी ओळ. डीसी मोटरचा करंट तिच्यावरच्या टॉर्कच्या प्रमाणात वाढतो. ट्रिप म्हणजे मशीन सांगतंय की काहीतरी जड झालं आहे. लिमिट वाढवली की तक्रार बंद होते आणि जळते ती वाइंडिंग. त्याऐवजी क्लेव्हिस पिन (रॉडचं टोक भाराला जोडणारी) काढून रॉड मोकळा करा आणि रिकामा चालवून बघा. रिकामा असताना करंट कमी येत असेल तर अ‍ॅक्च्युएटर ठीक आहे, अडचण पुढे आहे : गाइडमध्ये बर (धातूची कुसळ) अडकली असेल, बिजागर गंजलं असेल, जॉबचं वजन बदललं असेल. मग पिन परत घालताना बघा, हाताने सरकते की हातोडा लागतो. हातोडा लागत असेल तर रॉडवर बाजूने ताण आहे, आणि लिनिअर अ‍ॅक्च्युएटर तो ताण सोसायला बनवलेलाच नसतो. रॉडवर एकाच बाजूला घासल्याची रेघ आणि सील एकाच अंगाने झिजलेलं, ही त्याची खूण. अशा ठिकाणी नवा बसवला तरी तो याच रोगाने जाईल. (करंट मोजायला डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर घ्या. साधा एसीचा क्लॅम्प डीसीवर शून्य दाखवतो आणि मग ‘करंटच जात नाही’ अशी भलतीच चर्चा सुरू होते.)

‘हळू चालतोय म्हणजे मोटर कमजोर’ हे निदानही याच गोटातलं. पॅनलमध्ये २४ व्होल्ट मिळतात, म्हणून सप्लाय ठीक मानला जातो. मोजायचं असतं अ‍ॅक्च्युएटरच्या टर्मिनलवर, आणि तो भाराखाली चालू असताना. मीटर आधी जोडून ठेवायचा, कोणाचाही हात आत नसताना चालवायचा. २० मीटर अंतर, १.५ चौरस मिलिमीटरची केबल, करंट १० अँपिअर : जाऊन-येऊन ४० मीटर तांब्याचा रोध साधारण अर्धा ओहम, म्हणजे वाटेतच पाच व्होल्ट गेले. मोटरला मिळाले १९. डीसी मोटरचा वेग व्होल्टेजवर ठरतो, ती हळूच चालणार. ४ चौरस मिलिमीटरची केबल टाकली तर हीच गळती दोन व्होल्टवर येते. नव्या अ‍ॅक्च्युएटरच्या किमतीपुढे केबलचा खर्च काहीच नाही.

स्प्रेबद्दल जास्त बोलायची गरज नाही. ते पातळ द्रव गंजलेला नट सोडवायला उत्तम, पण स्क्रूवर मारले की असलेलं ग्रीस धुऊन नेतात. दोन दिवस आवाज थांबतो, नंतर धातूवर धातू घासतो.

आयपी ६६ ची चाचणी म्हणजे १२.५ मिलिमीटरच्या नोझलमधून मिनिटाला १०० लिटर पाणी, अडीच-तीन मीटरवरून. पाणी भरपूर, दाब मात्र साधारण एक बार. प्रेशर वॉशर शंभर बारच्या पुढे जातो आणि लोक तो वीतभर अंतरावरून मारतात. त्या प्रकारच्या माऱ्यासाठी आयपी ६९ ही वेगळी चाचणी आहे : ८० ते १०० बार, ८० अंशांचं पाणी. ६७ हा आकडा ६६ पेक्षा मोठा म्हणून जास्त चांगला, हेही खरं नाही. ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवणं, त्यात फवाऱ्याची हमी येत नाही. दोन्ही हवं असेल तर नेमप्लेटवर दोन्ही लिहिलेलं पाहिजे.

शिवाय चाचणीत पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात फारसा फरक ठेवत नाहीत. आपल्याकडे शिफ्ट संपते, अ‍ॅक्च्युएटर तापलेला असतो, आणि डेअरी किंवा फूड प्लांटमध्ये लगेच त्याच्यावर थंड पाण्याचा पाइप सुटतो. आतली हवा आकसते, पोकळी तयार होते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. धुण्याआधी तो निवू द्या, आणि रॉड आत घेऊन ठेवा, म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर साबण आणि कॉस्टिक सुकून बसणार नाही.

उरली शेवटची ओळ, ‘उघडत बसू नका’. ती बरोबर आहे. बॉल नट स्क्रूवरून उतरवला की गोळ्या खाली सांडतात, सीलबंद बॉडी खोलली की आयपी रेटिंग संपतं आणि वॉरंटीही जाते. पण मशीनवरून उतरवण्याआधी नेमप्लेटचा फोटो घ्या, रिकामा आणि भाराखाली किती करंट होता ते टॅगवर लिहा, ड्राइव्हचे पॅरामीटर आणि होमिंग ऑफसेट (शून्य जागेची नोंद) सेव्ह करा. अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर (जागा लक्षात ठेवणारा सेन्सर) बॅटरीवाला असेल तर एन्कोडर केबल काढताच बऱ्याच मॉडेलमध्ये पोझिशन पुसली जाते. म्हणून ती केबल सोडायच्या आधीच स्लाइड आणि फ्रेम दोन्हींवर मार्करने एक रेघ ओढून ठेवा.